रिकामी बादली काय सांगते?

जिवाणूच्या पोटात डोकं नसतं, पण उपाशी राहायची वेळ आली की त्याला ते काही सेकंदांत कळतं. कसं? आणि कळल्यावर तो जे करतो, त्याचा तुमच्या रूममेटच्या गोळ्यांशी काय संबंध?

समजा, तुमच्या रूममेटला टीबी झालाय. घाबरू नका, उपचार सुरू आहेत. पहिले दोन महिने त्यानं अगदी शिस्तीत गोळ्या घेतल्या. ताप गेला, खोकला गेला, वजन वाढलं, मेसमधल्या पोळ्यांचा आकडाही पूर्ववत झाला. आता तिसऱ्या महिन्यात तो म्हणतो, ‘‘अरे, मी ठणठणीत आहे. अजून चार महिने कशाला गिळायच्या त्या गोळ्या?’’

तुम्ही काय सांगाल? ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ हे उत्तर बरोबर आहे, पण या उत्तरावर आपल्या वयाचं कोण ऐकतं, ते आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. खरं उत्तर जिवाणूच्या आत दडलंय. ते समजून घ्यायचं, तर आधी एका लग्नाच्या पंगतीत जाऊन यावं लागेल.

पंगत बसली!

बुफे विसरा. गावाकडच्या लग्नात एखादे काका येऊन तुमच्या हातात बादली आणि ओगराळं टेकवतात, ‘‘उभा काय राहिलास? मसालेभात घे आणि पळ!’’ तो सीन आठवा. पानं मांडलेली, माणसं बसलेली. प्रत्येक वाढप्याकडे एकच पदार्थ. मीठवाला आधी जाणार, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी... क्रम ठरलेला. भटारखान्यात प्रत्येक पातेल्यापाशी एक माणूस उभा. बादली रिकामी झाली की तुम्ही त्याच्याकडे जायचं, त्यानं भरून द्यायची, तुम्ही पुन्हा पंगतीत.

जिवाणूच्या पेशीत अगदी असंच चालतं. तिथलं पान म्हणजे रायबोसोम. तिथं प्रथिनं बनतात. पानावर काय कुठल्या क्रमानं वाढायचं, याची चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. वाढायचे पदार्थ म्हणजे २० प्रकारची अमिनो आम्लं. आणि बादली घेऊन धावणारे वाढपी म्हणजे ट्रान्स्फर आरएनए, थोडक्यात टीआरएनए.

हा टीआरएनए म्हणजे जेमतेम ७६ ते ९० अक्षरांचा छोटासा रेणू. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरांची खूण असते. चिठ्ठीवरच्या तीन अक्षरांशी ती जुळली, तरच त्याला पानाशी प्रवेश. दुसऱ्या टोकाला त्याचं ठरलेलं अमिनो आम्ल लटकवलेलं. आम्ल लटकवून देणारी, म्हणजे बादली भरून देणारी माणसं म्हणजे सिंथेटेज नावाची एन्झाइम्स. पदार्थागणिक माणूस वेगळा.

वेग किती? आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू चांगलं खायला मिळत असताना एका रायबोसोमवर सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्लं जोडतो. अशी हजारो पानं एकाच वेळी मांडलेली असतात. आता विचार करा, वाढपी किती लागत असतील!

कुणाचे किती वाढपी?

ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या प्रसिद्ध ‘के-१२’ जातीत टीआरएनएची ८६ जनुकं आहेत. पदार्थ २० आणि जनुकं ८६? कारण मागणी सारखी नसते. मसालेभाताला चार जण लागतात, पंचामृताला एकटा पुरतो. ल्युसीन या अमिनो आम्लासाठी ई. कोलाय चिठ्ठीत सर्वाधिक वेळा जी तीन अक्षरं लिहितो, ती वाचणाऱ्या टीआरएनएची चार जनुकं आहेत. आर्जिनिनच्या काही क्वचितच वापरल्या जाणाऱ्या खुणांसाठी मात्र एकेकच.

हा हिशेब नुसता पुस्तकी नाही. माणसाचं एखादं प्रथिन ई. कोलायकडून बनवून घ्यायचं म्हटलं, की माणसाच्या चिठ्ठीत नेमक्या त्याच क्वचितच्या खुणा वारंवार येतात आणि काम रखडतं. म्हणून बायोटेकच्या लॅबमध्ये त्या टीआरएनएची ज्यादा जनुकं घातलेले खास ई. कोलाय विकत आणून वापरतात. बायोटेक करणाऱ्यांनो, इंटर्नशिपला गेलात तर फ्रीजरमध्ये बघा, सापडतील.

आणि मीठ वाढणारा? प्रथिनाची सुरुवात करणारा टीआरएनए वेगळा असतो. त्याची ई. कोलायमध्ये चार जनुकं आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांच्या गटानं या सुरुवातीच्या टीआरएनएवर अनेक वर्षं काम केलंय. ही जनुकं कमी केली तर काय होतं? मीठवाला कमी पडला की दुसराच कुणीतरी वाढपी पहिला मान घ्यायला बघतो, म्हणजे भलताच टीआरएनए सुरुवातीच्या जागी घुसू शकतो. थोडक्यात, जनुकांची संख्या ही उधळपट्टी नाही, ती शिस्त आहे.

पगार कोण देणार?

पण वाढपी ठेवायचे म्हणजे खर्च आला. वेगानं वाढणाऱ्या ई. कोलायच्या एकूण आरएनएपैकी ९० टक्क्यांहून जास्त आरएनए रायबोसोमचा आणि टीआरएनएचा असतो. म्हणजे पेशीची बहुतेक आरएनए-कमाई पानं आणि वाढपी यांच्यावरच खर्च होते. सुबत्ता असताना ठीक. पण कोठीतलं सामान संपल्यावरही शंभर वाढपी पोसत बसलं, तर यजमानाचं दिवाळं निघेल.

म्हणून टीआरएनएच्या जनुकांना मोठं तल्लख बटण असतं. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, प्रमोटर. आरएनए बनवणारं यंत्र, आरएनए पॉलिमरेज, तिथं येऊन बसतं आणि डीएनएचे दोन धागे उघडतं. इतर अनेक जनुकांचं दार एकदा उघडलं की बराच वेळ उघडं राहतं. टीआरएनए आणि रायबोसोमच्या जनुकांचं दार मात्र स्प्रिंगचं आहे. पटकन उघडतं, पण धरून ठेवलं नाही तर तसंच पटकन मिटतं. चंगळ असते तेव्हा ‘फिस’ नावाचं प्रथिन शेजारी येऊन बसतं आणि पॉलिमरेजला हात देतं. मग जनुकं धडाधड वाचली जातात. परिस्थिती बिघडली की स्प्रिंग आपलं काम करते.

या बटणाची गंमत सांगताना एका नावाशिवाय पुढे जाता येत नाही. हरगोविंद खोराना. तेव्हाच्या पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या रायपूर या छोट्या गावात जन्मलेल्या या माणसाला १९६८ साली नोबेल मिळालं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत रसायनांपासून जे पहिलं जनुक बनवलं, ते टीआरएनएचंच होतं, यीस्टमधलं. साल १९७०. पण त्याला स्वतःचं बटण नव्हतं. मग त्यांनी ई. कोलायचं एक टीआरएनए जनुक घेतलं आणि त्याच्या सुरू-बंद होण्याच्या खुणांसकट ते जोडून काढलं. १९७६ साली त्यांनी जाहीर केलं, की हाताने बनवलेलं हे जनुक जिवंत जिवाणूत घातल्यावर खरोखर काम करतं. जनुकाइतकंच त्याचं बटणही महत्त्वाचं असतं, हे इतक्या थेटपणे दाखवणारं काम विरळाच.

मॅजिक स्पॉट

आता मूळ प्रश्न. कोठीतलं सामान संपलंय, हे दाराच्या बटणापर्यंत कळवतं कोण?

१९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं, की जिवाणूला एखादं अमिनो आम्ल मिळेनासं झालं की तो रायबोसोम आणि टीआरएनए बनवणं जवळजवळ थांबवतो. प्रथिनं थांबली तर समजू शकतं, पण आरएनए का थांबावा? त्यात तर अमिनो आम्लं नसतातच! १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट या अमेरिकी संशोधकांनी उपाशी ठेवलेल्या जिवाणूतली रसायनं वेगळी करून पाहिली, तेव्हा फिल्मवर दोन अनपेक्षित ठिपके उमटले. त्यांना नाव पडलं ‘मॅजिक स्पॉट’. तो निरोप्या सापडला होता. आज आपण त्याला पीपीजीपीपी म्हणतो.

हा निरोप्या तयार होतो कसा, ते बघा. बादली भरायला पदार्थच नाही, तर वाढपी काय करणार? रिकामी बादली घेऊन तसाच पंगतीत येणार. चिठ्ठीवर त्याच्याच पदार्थाचं नाव आहे, खूण जुळतेय, त्यामुळे तो पानापाशी जाऊन उभाही राहतो. पण वाढायला काहीच नाही. पंगत अडते.

हे दृश्य पाहायला रायबोसोमपाशी एक पहारेकरी असतो, ‘रेल-ए’ नावाचं एन्झाइम. भरल्या बादलीचा वाढपी आला, तर त्याचं काही म्हणणं नसतं. रिकाम्या बादलीचा आला, की तो त्याला कवेतच घेतो. २०१६ साली अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ही मिठी शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष दिसली. मिठी पडली की रेल-ए कामाला लागतं आणि पीपीजीपीपी बनवत सुटतं. काही सेकंदांत पेशीभर निरोप जातो. पीपीजीपीपी पॉलिमरेजला जाऊन चिकटतो, ‘डीकेएसए’ नावाचं प्रथिन त्याला साथ देतं आणि स्प्रिंगचं दार उघडं ठेवणं अवघड होऊन बसतं. टीआरएनएची जनुकं बंद. रायबोसोमचीही बंद. उलट, अमिनो आम्लं घरच्या घरी बनवणारी जनुकं सुरू.

बघा हं, इथं कुणी वेगळा गुप्तहेर नेमलेला नाही. सामान संपल्याची बातमी देणारा, तो वाढपीच आहे. त्याचा रिकामा हात हाच निरोप.

थेट आचाऱ्याच्या हातात

सगळे जिवाणू एवढ्यावर थांबत नाहीत. मातीत राहणारा बॅसिलस सबटिलिस आणि त्याचे भाऊबंद यांच्याकडे आणखी एक युक्ती आहे. १९९३ साली फ्रँक ग्रंडी आणि टीना हेन्किन यांनी ती उलगडली. तिला ‘टी-बॉक्स’ म्हणतात.

बादली भरून देणाऱ्या सिंथेटेजच्या जनुकाआधी आरएनएचा एक लांबलचक, वेटोळ्यांचा पट्टा असतो. पट्ट्यात टीआरएनएची खूण ओळखणारी तीन अक्षरं असतात. रिकामा टीआरएनए आला की तो एका टोकानं ही अक्षरं धरतो आणि दुसऱ्या, मोकळ्या टोकानं पुढचं वेटोळं धरून ठेवतो. मग जनुक पुढे वाचलं जातं आणि बादली भरणारी माणसं वाढतात. टीआरएनए भरलेला असेल, तर त्याच्या टोकाला अमिनो आम्ल आधीच लटकलेलं असतं. त्याचा दुसरा हात मोकळाच नसतो, म्हणून वाचन मध्येच थांबतं. यात कुठलंही प्रथिन मध्यस्थ लागत नाही. रिकामी बादली थेट आचाऱ्याच्या हातात!

ग्रंडी आणि हेन्किन यांनी एक साधा, पण सॉलिड प्रयोग केला. टायरोसीन या अमिनो आम्लासाठी असलेल्या पट्ट्यातली ती तीन अक्षरं बदलून त्यांनी फिनाइलअ‍ॅलनिनची केली. झालं! आता ते जनुक टायरोसीन संपल्यावर नाही, तर फिनाइलअ‍ॅलनिन संपल्यावर सुरू होऊ लागलं. तीन अक्षरांत सगळा पत्ता.

बरं, भरती थांबवणं आणि भरणारे वाढवणं झालं. पण आधीच नेमलेल्या वाढप्यांचं काय? टीआरएनए हा टिकाऊ रेणू, तो सहसा मोडत नाही, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. २०१७ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ई. कोलायला अचानक अमिनो आम्लाविना ठेवलं आणि मोजलं, तर टीआरएनए झपाट्यानं मोडीत निघत होते. काम नसलेले वाढपी पेशी नुसती घरी पाठवत नाही, त्यांचे सुटे भाग करून पुन्हा वापरायला घेते.

आता रूममेटकडे

टीबीचा जिवाणू हा आळशी प्राणी आहे. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळपास एक अख्खा दिवस लागतो. त्याच्याकडे टीआरएनएची ४५ जनुकं आहेत आणि रायबोसोमच्या आरएनएचा संच तर एकच. ई. कोलायकडे असे सात आहेत. म्हणजे याचा मुळात छोट्या पंगतीचाच कारभार.

पण पंगत आवरती घेण्याची युक्ती त्याच्याकडेही आहे. रेल-ए याच कुळातलं एक एन्झाइम तो वापरतो. उपासमार झाली की तेच पीपीजीपीपी, तोच ‘आवरा आता’चा निरोप. २००३ साली संशोधकांनी हे एन्झाइम काढून टाकलेले टीबीचे जिवाणू उंदरांना दिले. सुरुवातीला संसर्ग झाला, पण पुढे दीर्घकाळ तग धरणं त्या जिवाणूंना जमलं नाही. आवरतं घेता येत नाही, तो लांबच्या लढाईत टिकत नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतच दीपंकर चटर्जी यांच्या गटानं टीबीच्या चुलत जिवाणूंमध्ये या निरोप्याचा दीर्घ अभ्यास केलाय.

आता औषधांकडे बघा. टीबीवरचं आयसोनियाझिड हे औषध जिवाणूची भिंत बांधण्याच्या कामात खोडा घालतं. भिंत बांधणं जोरात सुरू असेल, तर जिवाणू मरतो. पण ज्यानं सगळं बांधकामच बंद करून ठेवलंय, त्याच्या कामात खोडा घालणार कसा? उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे जिवाणू मोठ्या संख्येनं मरतात. म्हणून ताप उतरतो, भूक लागते, ‘ठणठणीत’ वाटतं. मागे उरतात ते मंदावलेले, दिवे मालवून बसलेले. त्यांच्यासाठी वेगवेगळी औषधं एकत्र द्यावी लागतात आणि महिनोन्‌महिने द्यावी लागतात. म्हणून नेहमीच्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पंगत आवरती घेण्याची ही सवय त्यामागचं एकमेव कारण नाही, पण मोठं कारण आहे.

इथं एक फरक पक्का लक्षात ठेवा. झोपलेला जिवाणू आणि औषधाला न जुमानणारा जिवाणू हे दोन वेगळे. झोपलेल्याच्या जनुकांत काहीच बदललेलं नसतं, तो फक्त दम धरून बसलेला असतो. पण मधेच गोळ्या सोडल्या की तो जागा होतो, पुन्हा दुप्पट व्हायला लागतो. आणि गोळ्या कधी घेतल्या, कधी चुकवल्या असं चाललं, तर औषधाला तोंड देणारे जिवाणू निवडून निवडून वाढण्याची संधी मिळते. तेव्हा गोष्ट सहा महिन्यांत आटपेलच असं नाही, आणि ती फक्त तुमच्या रूममेटपुरतीही राहत नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. आपण सगळे एकाच बसमध्ये, एकाच लोकलच्या डब्यात श्वास घेतो.

उलटा डाव

जिवाणूची ही युक्ती त्याच्यावर उलटवता येते का? एका ठिकाणी ती आपण कधीच उलटवलीय. त्वचेच्या संसर्गावर डॉक्टर मुपिरोसिन नावाचं मलम देतात. कदाचित तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यातही असेल. हे मलम आयसोल्युसीनची बादली भरून देणाऱ्या सिंथेटेजला जाम करतं. पदार्थ भरपूर, पण भरून देणारा हातच अडकलेला. सगळे आयसोल्युसीनचे वाढपी रिकामे फिरतात, पंगत अडते, जिवाणू वाढू शकत नाही. टी-बॉक्सच्या त्या पट्ट्यालाच चिकटून बसतील असे रेणूही शोधले जाताहेत. आणि पीपीजीपीपीचा निरोपच तोडला, म्हणजे जिवाणूला झोपूच दिलं नाही, तर टीबीचा कोर्स आणखी छोटा करता येईल का, याचा शोधही सुरू आहे. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फार्मसी शिकणाऱ्यांनो, हे दार तुमच्यासाठी उघडं आहे. आणि ते स्प्रिंगचं नाहीये!

तोवर मात्र सहा महिने म्हणजे सहा महिने. तेव्हा रूममेटनं पुन्हा विचारलं, ‘‘बरं वाटतंय, आता कशाला?’’ तर त्याला लेक्चर देऊ नका. एवढंच सांगा, ‘‘अरे, जे नाचत होते ते गेले. जे कोपऱ्यात दिवे मालवून बसलेत, त्यांच्यासाठी आहेत या गोळ्या. तुला बरं वाटतंय, कारण ते गप्प बसलेत.’’ त्रास होत असेल, गोळ्या सोसत नसतील, तर त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. सरकारी केंद्रात टीबीची औषधं मोफत मिळतात. पण स्वतःच्या मनानं थांबवायचं नाही.

आणि आज रात्री मेसमधून परत आलात, की एकदा विचारा, ‘‘आजची गोळी घेतलीस का रे?’’